आपली स्वच्छता कुठवर पोहोचते?

सायली_कोपरखैरणे

मंडळी, बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय. लांबेल थोडं, पण वाचा आणि मोकळेपणाने लिहा.

आमच्या नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात निसर्ग उद्यान आहे. पहाटेपासून चालणाऱ्यांची वर्दळ, दाट सावली, पाखरं. नव्याने राहायला आलेल्यांना सांगितलं तर पटत नाही की इथे पूर्वी शहराचं डंपिंग ग्राउंड होतं. ते बंद झालं, वर माती पडली, झाडं लागली. उत्तम झालं, त्यात वादच नाही. पण शहराचा कचरा काही बंद झाला नव्हता. तो तुर्भ्याला जाऊ लागला आणि नाकाला रुमाल लावायची पाळी तिकडच्या लोकांवर आली.

नवी मुंबई स्वच्छ सर्वेक्षणात २०२२ आणि २०२३ ला देशात तिसरी होती. २०२४-२५ च्या निकालात इंदूर, सुरतेबरोबर अव्वल शहरांच्या 'सुपर स्वच्छ लीग'मध्ये गेली. मला याचा अभिमान आहे आणि पहाटे रस्ते झाडणाऱ्यांचा त्यात सगळ्यात मोठा वाटा आहे. तरी आमच्या मजल्यावर सकाळी दाराबाहेर ठेवलेले डबे बघते तेव्हा जीव खालीवर होतो. काळी पिशवी, वर गच्च गाठ. आत कालचा भात, दुधाची पिशवी, फुटलेला बल्ब, सलूनमधून आणल्यासारखे केस, औषधाच्या पट्ट्या, सगळं एकात एक. आणि ज्या दारात ही पिशवी असते त्या घरातली फरशी अशी लख्ख की आत जाताना चपला कुठे काढू असं होतं.

सोसायटीच्या सभेत लॉबीच्या टाइल्सना पॉलिश करायचं की नाही यावर लोक तावातावाने बोलतात. ओला-सुका वेगळा करण्याचा विषय निघाला की घड्याळं बघायला लागतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. घर स्वच्छ आहे की नाही हे फरशीवरून ठरवू नये, घराबाहेर पडणाऱ्या डब्यावरून ठरवावं. घाण नुसती दुसऱ्याच्या अंगावर ढकलण्याला मी स्वच्छता म्हणायला तयार नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्याकडे प्रत्यक्षात काय चालतं?

रेवा

अगदी मनातलं लिहिलंस. वाचतेय.

दिवा_पूर्व

सायलीताई, तुमच्या 'दुसऱ्याच्या अंगावर' मधला तो दुसरा मी आहे, म्हणून लिहितो.

मी ठाण्याजवळ दिव्याला लहानाचा मोठा झालो. कित्येक वर्षं ठाण्याचा कचरा आमच्याकडे येत होता. उन्हाळ्यात ढिगाला आग लागायची. वरून आग दिसायची नाही, आतल्या आत धुमसायचं. ओला कचरा हवा न लागता दाबला गेला की त्यात मिथेन तयार होतो, तो पेटतो, आणि वर पाणी मारून विझतच नाही. रात्री वारा वस्तीकडे फिरला की आई ओले टॉवेल खिडकीच्या फटीत कोंबायची. पंखा लावला तर धूर, नाही लावला तर घामाची आंघोळ. बहिणीला बघायला पाहुणे यायचे तर आम्ही तो कार्यक्रम मामाकडे डोंबिवलीला ठेवायचो, दिव्याला नाही. हे लिहिताना आजही घशात येतं.

२०२३ मध्ये दिव्याचं डंपिंग बंद झालं. आम्ही पेढे वाटले. आणि मग कळलं की गाड्या भंडार्लीला जाणार. तिथल्या गावकऱ्यांनी विरोध केला तेव्हा टीव्हीवर त्यांचे चेहरे बघून मला आमची आईच आठवत होती. आमची सुटका झाली याचा आनंद मानायचा की आमच्या वाटणीचं त्यांच्याकडे गेलं याची लाज, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

प्रकल्प हवेत, डायघरच्या कचरा प्रक्रिया केंद्रासारखे हवेत, मान्य. पण मिसळलेला ओला कचरा घेऊन कुठलाही प्रकल्प नीट चालत नाही. घोडबंदरच्या बावीस मजली टॉवरमधल्या एका ताईंनी पिशवीला गाठ मारली की ती गाठ कुठेतरी आमच्यासारख्याच्या दारात सुटते. एवढं जरी प्रत्येकाने डोळ्यांसमोर आणलं तरी पुष्कळ.

पराग_वाशी

विषय चांगला आहे, पण दुसरी बाजूही कुणीतरी मांडायला हवी.

आम्ही दोघं नोकरी करतो. मुलगा लहान आहे, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. त्यांचे डायपर, मुलाचे डायपर. सकाळी साडेसहापासून लढाई सुरू होते. मालमत्ता कर वेळेवर भरतो, सोसायटीचा मेंटेनन्स भरतो. कचरा वेगळा करणं हे व्यवस्थेचं काम आहे, त्यासाठीच आपण पैसे देतो. प्रगत देशांत यंत्रं आहेत, आपल्याकडे सगळा भार गृहिणीच्या डोक्यावर टाकायचा आणि वरून तिलाच दोष द्यायचा, हे मला पटत नाही.

आणि मुख्य प्रश्न. आम्ही घरात वेगळा करून ठेवला तरी खाली सगळं एकाच पिंपात जातं. हे मी स्वतः पाहिलंय. मग घरात तीन डबे कशाला मिरवायचे?

सायली_कोपरखैरणे

परागदादा, गृहिणीच्या डोक्यावर भार हा तुमचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. आमच्याकडे डबे नवरा बघतो, मी नाही, आणि तसंच असायला हवं असं माझं मत आहे.

कराबद्दल मात्र वेगळं वाटतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनीच वर्गीकरणाची पहिली जबाबदारी कचरा करणाऱ्यावर टाकली. त्यांत सांगितलं होतं, ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करून द्यायचे, रस्त्यावर टाकायचा नाही, जाळायचा नाही. आणि ते रास्तही आहे. भात आणि कागद एकत्र आले की दोन मिनिटांत कागद वाया जातो. मग कितीही महागडं यंत्र आणा, तो कागद परत कोरडा होत नाही.

खाली एकत्र होतं याचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. सोसायटी चालवणारं कोणी असेल तर लिहा.

ज्योत्स्ना_क

हा धागा वाचून खातं उघडलं. पहिल्यांदाच लिहितेय.

माझे वडील सफाई खात्यात होते, आता निवृत्त आहेत. माझा भाऊ ठेकेदाराकडे आहे, घंटागाडीवर. मी बँकेत आहे. तुम्ही सगळे कचऱ्याबद्दल लिहिताय, मला हाताबद्दल लिहायचंय.

बाबांच्या उजव्या तळहातावर अंगठ्याखाली एक पांढरा वळ आहे. ट्यूबलाइटची काच. पेपरात न गुंडाळता पिशवीत टाकलेली. पिशवी उचलताना खालून हात लावावाच लागतो, नाहीतर ती फाटते. काच, दाढीचं ब्लेड, इन्सुलिनची सुई, हे पिशवीतून बाहेर येतं ते थेट तिथे. हातमोजे मिळायचे, पण रबरी मोजा ब्लेडपुढे काय टिकणार? आणि भर उन्हात दोन तास घातला की आतला हात पांढराफटक होऊन सोलवटतो. म्हणून लोक काढून ठेवतात. मग साहेब लोक म्हणतात, यांना दिलं तरी वापरत नाहीत.

परागदादा, तुमच्या सासूबाईंची सेवा तुम्ही दोघं करताय, त्याला माझा नमस्कार. डायपरबद्दल राग मानू नका, फक्त एक करा. गुंडाळून जुन्या वर्तमानपत्रात बांधा आणि वर लाल पेनाने मोठा ठिपका काढा. पुण्यात कचरावेचक बायकांनीच ही लाल ठिपक्याची मोहीम काढली, कारण उघडं पॅड हातात येणं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. ठिपका दिसला की माझा भाऊ ती पुडी उघडत नाही, बाजूला ठेवतो. यासाठी तुम्हाला तिसरा डबाही लागणार नाही, एक पेन लागेल. २०१६ च्या नियमांत तर पॅड-डायपर बनवणाऱ्या कंपन्यांनी वेष्टन द्यावं असंही होतं. किती पाकिटांत ते असतं ते तुम्हीच बघा.

आणखी एक. झाडू हातात कोणाच्या आहे हे आडनावावरून ओळखता येतं, हे आपल्या शहरांचं उघड गुपित आहे. ठेकेदाराच्या हजेरीपटावर नजर टाका, दुसऱ्या जातीचं नाव शोधावं लागतं. स्वच्छता राष्ट्रीय कार्य आहे म्हणता, तर ते काम एकाच समाजाच्या पोरांना का वारशाने मिळतं? माझ्या भावाला ते नको होतं.

रेवा

ज्योत्स्ना, लिहीत राहा. तुम्ही लिहिलेलं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. बल्ब आता खोक्यात, वर 'काच' लिहून.

माई_नौपाडा

ज्योत्स्ना, बाळा, तुझं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. वय ऐंशीच्या पुढे आहे, नातवाकडून टाइप करून घेते.

आमचं माहेर ठाण्यातच, जुन्या वाड्यात. सोवळं इतकं कडक की आजी ओलेत्याने स्वयंपाक करायची. पितळी भांडी चिंचेने घासून चकचकीत. अंगणात रोज सडा. आणि वाड्याच्या मागे एक अरुंद बोळ होता. त्या बोळात संडासांच्या मागच्या बाजूला लहान दारं होती, खाली टोपली. सकाळी एक बाई यायची, टोपली उपसून डोक्यावर न्यायची. पावसाळ्यात ते तिच्या पदरावर, मानेवर ओघळत असे. तिला आम्ही मुलं पाहू नये म्हणून त्या वेळी मागचं दार लावून घेत. सणाला तिला वरून पोळी टाकत. वरून, हातात नाही.

त्या घराला सगळे स्वच्छ घर म्हणत. मीही लहानपणी म्हणायची. आज विचाराल तर सांगेन, त्या वाड्यातली एकच व्यक्ती स्वच्छता करत होती आणि तिलाच आम्ही घाण समजत होतो. सोवळं आणि स्वच्छता यांचा काडीचा संबंध नाही. सोवळ्यात माणूस स्वतःला जपतो, बाकीच्यांचं काय होतं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

वडील गाडगेबाबांच्या कीर्तनाला जात. बाबा १९५६ मध्ये गेले, तेव्हा मी शाळेत होते. वडील सांगत, बाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायला लागत. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं. ओळख द्यायची नाही, मोबदला घ्यायचा नाही. दिवसभर रस्ते आणि रात्री कीर्तनात डोकी. शिवाशीव पाळू नका, देवापुढे कोंबडं-बकरं कापू नका, पोराला शाळेत घाला. खराट्याबरोबर हे सगळं होतं. त्यांच्या नावाने २००० साली सरकारने ग्रामस्वच्छता अभियान काढलं, गावंच्या गावं चकाचक झाली, फार मोठं काम झालं. पण फोटोत खराटा तेवढा राहतो आणि शिवाशीवीचं कोणी बोलत नाही, हे मला खुपतं.

डॉ_कळवा

माई, दंडवत.

मी थोडं वैद्यकीय बाजूने लिहितो, कारण घाण दिसली की रोग आणि चकचकीत दिसलं की आरोग्य, ही समजूत दवाखान्यात रोज भेटते.

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण चाळीतून येतात तसे टॉवरमधूनही येतात, आणि टॉवरवाले हमखास म्हणतात, आमच्याकडे अजिबात घाण नाही हो. डेंग्यूचा एडिस डास गटारात वाढत नाही. त्याला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, एसीच्या पाण्यासाठी ठेवलेली बादली, गच्चीवर विसरलेला पेंटचा डबा. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा असं सांगतात. पण नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. अंडी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. काथ्याने कडा घासा. हे वाक्य मी दिवसातून किती वेळा बोलतो, विचारू नका.

धाग्याच्या विषयाशी संबंध असा, की हा डास फार लांब उडत नाही. तुमच्या कुंडीतला डास तुम्हाला नाहीतर शेजारच्या बाळाला चावतो. तिथे तुमच्या फरशीच्या चकाकीचा उपयोग शून्य.

आणि तुंबलेल्या पाण्यातून चालत आलात तर पाय साबणाने धुवा. पायाला जखम असेल आणि ताप आला तर थांबू नका, लगेच डॉक्टरकडे जा, पाण्यातून चालल्याचं आवर्जून सांगा. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर लेप्टोच्या तापाने जे बळी घेतले ते मी पाहिलंय. उंदीर-घुशींच्या मूत्रातून तो पाण्यात येतो, आणि उंदीर येतात आपण कोपऱ्यावर टाकलेल्या उष्ट्यावर.

खाडीकाठ_दिवाळे

नमस्कार. मी दिवाळे कोळीवाड्यातला. शहराचा कचरा डंपिंगला थांबतो असं वाटत असेल तर तसं नाही, त्याच्यापुढे आम्ही आहोत.

खाडीत डोल लावतो. पाण्याच्या ओढीवर जाळ्याच्या तोंडातून मासळी आत येते, ओढ मंदावली की वर काढायचं. आज जाळं वर घेतलं की आधी वजन लागतं, हाताला आशा येते, आणि होडीत रिकामं केलं की अर्ध्याच्या वर प्लास्टिक. दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, निर्माल्याच्या गाठी मारलेल्या पिशव्या. त्यातून कोळंबी एक एक वेचायची. जिताडा, बोय, निवटी, चिंबोरी, माझे वडील हे सगळं इथेच काढायचे. आता कित्येकांनी होड्या विकल्या आणि कंपनीच्या गाड्यांवर ड्रायव्हर झाले.

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापता ना, तो तेवढासा तुकडा? तो कोणी भंगारात घेत नाही, चाळणीतही अडकत नाही. नाल्यातून थेट खाडीत. आमच्या जाळ्याच्या बारीक डोळ्यांत तो अडकतो आणि एकेक नखाने काढायला लागतो. पिशवी कापताना तुकडा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. एवढी एकच विनंती करायला मी हे लिहितोय.

ठाणे खाडी २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ ला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. लोक ऐरोलीला बोटीत बसून गुलाबी पक्षी बघतात, फोटो काढतात. चांगलं आहे. खारफुटीच्या मुळांत अडकलेल्या पिशव्यांचे फोटो पण काढा. त्या चिखलातच मासळीची पिल्लं वाढतात.

सचिव_घोडबंदर

उशिरा येतोय, पण परागसाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण आमच्या सोसायटीत नेमकं तेच रडगाणं होतं.

खाली एकत्र का होतं? कारण खाली पिंप एकच असतं आणि उचलणाऱ्या माणसाला दोन फेऱ्यांचे पैसे कोणी देत नाही. वर डबे वाटून आणि लिफ्टमध्ये पोस्टर लावून काही होत नाही. आम्ही उलटीकडून सुरुवात केली. आधी खाली दोन वेगळी पिंपं आणि सुक्यासाठी पत्र्याची बंद खोली. मग हाउसकीपिंगच्या करारात लिहून घेतलं की मिसळलेला डबा उचलायचा नाही, आणि नाही उचलला तर हाउसकीपिंगच्या मुलांवर कोणी आवाज चढवायचा नाही. हे दुसरं कलम जास्त महत्त्वाचं. पहिले काही आठवडे मी आणि खजिनदार बाई सकाळी त्या मुलांबरोबर मजल्यांवर फिरलो, कारण फ्लॅटधारक शिव्या देणार त्या आम्हाला द्याव्यात, त्यांना नाही.

सुका कचरा आता कचरावेचक बायकांचा एक गट नेतो, त्यांच्याकडून त्याची पावती मिळते. ठाणे-नवी मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने अशा बायकांना संघटित करण्याचं काम वर्षानुवर्षं केलंय. संघटनेच्या ज्योती म्हापसेकरांचं काम ज्यांना माहीत नसेल त्यांनी जरूर माहिती काढा. सुका कोरडा मिळाला की त्या बायकांना त्याचे पैसे होतात, ओल्यात बरबटलेला मिळाला तर नुसती मजुरी फुकट.

ओल्याचं खत आवारातच करतो. आमची जागा ५,००० चौरस मीटरच्या वर आहे, म्हणजे २०१६ च्या नियमांनी ते करणं भागच होतं. दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांनाही हाच दंडक होता. पण नुसतं यंत्र विकत घेऊन हे होत नाही, हे ठासून सांगतो. अनेक सोसायट्यांत लाखांची यंत्रं धूळ खात पडलीत. आमच्याकडे विटांचे जाळीदार हौद आहेत, बाजूने हवा खेळते. भाजीचे देठ, उष्टं, चहाचा चोथा हा ओला माल. तो एक घमेलं टाकला की त्यावर दोन घमेली कोरडा पाचोळा किंवा सुताराकडचा भुसा, आणि जुन्या खताची एक मूठ. वास सुटला तर समजा पाणी जास्त झालंय किंवा हवा कमी पडतेय. पाचोळा वाढवा आणि ढीग खालीवर करा. ढीग बरोबर जमला की आतून इतका तापतो की हात घालून ठेवता येत नाही, ६० अंशांच्या आसपास जातो. त्या उष्णतेतच रोगजंतू आणि माश्यांची अंडी मरतात. पांढऱ्या-तपकिरी अळ्या दिसल्या की लोक किंचाळतात, पण त्या बहुधा सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, निरुपद्रवी, खत लवकर करून देतात. साधारण दीड महिन्यात खत होतं. हातात मूठ आवळली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, आणि वास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा यावा. नारळाची करवंटी मात्र घालू नका, ती वर्षभर तशीच राहते.

आणि ही घमेली उचलणारा माणूस रोज तेच करतो, तर त्याला त्याचे वेगळे पैसे, गमबूट, चामडी हातमोजे, आणि काम संपल्यावर आंघोळीला गरम पाणी. आमच्या पार्किंगमध्ये त्यासाठी एक न्हाणी बांधली. त्या खर्चावर सभेत जेवढा विरोध झाला तेवढा लॉबीच्या झुंबराला झाला नव्हता.

पराग_वाशी

सचिवसाहेब, हे उत्तर हवं होतं. आधी खाली व्यवस्था, मग वर आग्रह, हा क्रम मला पटला. व्यवस्था नसताना लोकांना दोष देऊ नये हे माझं मत कायम आहे, पण आमच्या कमिटीला हा करार दाखवणार.

ज्योत्स्नाताई, लाल पेन डायपरच्या पाकिटाला दोरीने बांधून ठेवलंय. आमची मदतनीस म्हणाली, हे आधीच कोणी सांगायला हवं होतं.

दिवा_पूर्व

सचिवसाहेब, तुमच्याकडच्या सांडपाण्याच्या टाक्या, एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प वगैरे कोण साफ करतं? विचारायचं कारण, ठाण्यातच सोसायटीच्या टाकीत उतरून माणसं गेली आहेत.

सचिव_घोडबंदर

बरं झालं विचारलंत. माणूस उतरवायचा नाही. यंत्राची गाडी बोलवायची, महाग पडली तरी. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा टाकीत उतरवणं गुन्हा आहे, आणि 'ठेकेदाराने पाठवला होता' म्हणून आपली सुटका होत नाही. कोणी उतरताना दिसलं तर १४४२० वर फोन करा.

ज्योत्स्ना_क

टाकीतल्या वायूबद्दल थोडं, कारण हे कळलं असतं तर कित्येक पोरं वाचली असती. हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा येतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वासच येईनासा होतो. आतला माणूस म्हणतो वास गेला, आता उतरायला हरकत नाही. एक कोसळला की दुसरा त्याला काढायला उडी मारतो, मग तिसरा. बातमीत नेहमी दोघं-तिघं एकत्र का असतात त्याचं कारण हे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. ही रक्कम मिळवायला विधवा बाईला किती खेटे घालावे लागतात ते मी बँकेच्या काउंटरवर पाहते. म्हणून म्हणते, आपल्या इमारतीची टाकी कोण आणि कशी साफ करतं हे आजच वॉचमनला विचारा. साठ जणांच्या सोसायटीत हे माहीत असलेले दोन निघत नाहीत.

माई_नौपाडा

विचारलं. आमच्याकडे दोन माणसं येतात आणि दोर बांधून उतरतात असं वॉचमन म्हणाला. नातवाने लगेच अध्यक्षांना फोन लावला आहे. काय होतं ते कळवते.

सायली_कोपरखैरणे

एवढं सगळं वाचून आता पुढचं ठरवलंय. आमची वार्षिक सभा जवळ आलीय. विषयपत्रिकेत तीन गोष्टी घालायला अर्ज देतेय: खाली दोन पिंपं आणि सुक्याची खोली, डायपर-पॅडला लाल ठिपका, आणि टाकीसाठी फक्त यंत्र. सचिवकाका, ठरावाचा मसुदा असेल तर मिळेल का? आणि सभेत तो कसा मांडायचा? आमच्याकडे 'सहकार्य करावे' असे ठराव दर वर्षी होतात आणि फाइलमध्ये जातात.

सचिव_घोडबंदर

मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे. 'सर्व सभासदांनी सहकार्य करावे' हे वाक्य त्यात मुद्दामच ठेवलेलं नाही, तुम्हीही घालू नका. मिसळलेला डबा परत केला तर फ्लॅटधारकाला कोण समजावणार, त्या व्यक्तीचं नाव लिहा. हातमोजे, बूट आणि न्हाणीचा खर्च कुठल्या खात्यातून, ते लिहा. टाकी साफ करणाऱ्या गाडीचं दरपत्रक सोबत जोडा, म्हणजे 'महाग पडेल' या एका शब्दावर विषय गुंडाळला जाणार नाही. आणि सभा बोलावताना हाउसकीपिंगच्या मुलांपैकी एकाला आमंत्रण द्या, खुर्ची द्या, त्याला बोलू द्या. आमच्याकडे त्याचं ऐकल्यावरच मतदान फिरलं.

खत हवं असेल त्यांनी पोती घेऊन या. पावसाळ्याआधी बरंच तयार होतं.